कुत्र्याला फिरवणार कोण?

सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर आपल्या देशात तो गुन्हा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात तसं सरळ लिहिलंय. हा गुन्हा मालकाचा. मालक म्हणजे कोण, हेही त्याच कायद्यात सांगितलंय: जनावर त्या वेळी ज्याच्या ताब्यात आहे, तोसुद्धा मालकच. म्हणजे मिरा रोडच्या वन बीएचकेमध्ये हस्की पाळणारा हौशी माणूस, शेल्टर चालवणारी संस्था आणि उद्या कुत्री उचलून कोंडणारी महापालिका, सगळे एकाच रांगेत. कुत्र्याला कोंडलंत, की त्याचे पाय मोकळे करायची जबाबदारी तुमची.

शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. जास्तीत जास्त दंडात मिरा रोड स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि एक कटिंग येईल. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून हा विषय लावून धरला, नेहरूंच्या सरकारने मग स्वतःच कायदा केला. तेव्हाचे पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज तो विनोद आहे.

पण मला दंडावर लिहायचं नाहीये. कुत्र्यांवरून एवढा गदारोळ चालू असताना दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे विसरलेल्या एका साध्या प्रश्नावर लिहायचंय. कोंडलेल्या कुत्र्याला रोज फिरवणार कोण?

गदारोळाची उजळणी थोडक्यात करतो. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. सहा ते आठ आठवड्यांत पाच हजार कुत्र्यांची सोय करून सुरुवात करायची होती. मेणबत्त्या निघाल्या, मोर्चे निघाले, टीव्हीवर घसे बसले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी ठेवा. मग ७ नोव्हेंबरला नवा आदेश आला. शाळा, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा, नसबंदी आणि लसीकरण करा, शेल्टरमध्ये ठेवा आणि तिथे परत सोडू नका. हा आदेश दिल्लीपुरता नाही, देशभरासाठी. म्हणजे आपल्यालाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्या रात्री फटाक्यांच्या जिफ आल्या. 'आता ही सगळी शेल्टरमध्ये' असं एका काकांनी लिहिलं आणि त्याला एकोणतीस अंगठे मिळाले. त्याच ग्रुपवरच्या श्वानप्रेमी ताईंनी रडणाऱ्या पिल्लाचा व्हिडिओ टाकला, त्याला अकरा बदाम. मी दर आठवड्याला एका शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जातो. अंगठेवाल्यांपैकी कुणी मला तिथे कधी दिसलेलं नाही. बदामवाल्यांपैकी दोघं दिसलेत. डिसेंबरात.

आता हिशेब मांडू. पोटापाण्यासाठी मी सर्व्हरवर किती भार येईल याचे अंदाज बांधतो, त्यामुळे ही सवयच आहे. समजा एका लहान शेल्टरमध्ये साठ कुत्री आहेत. प्रत्येकाला दिवसातून एकदा वीस मिनिटं बाहेर न्यायचं, यापेक्षा कमी मागणं म्हणजे थट्टाच. पिंजरा उघडून पट्टा चढवणं, आडव्या येणाऱ्या चौघांना चुकवून गेटपर्यंत पोचणं, परत आल्यावर पंजे बघणं, गोचीड काढणं याची दहा मिनिटं धरा. झाली तीस. साठ गुणिले तीस म्हणजे तीस तास. रोजचे. एक माणूस दिवसात प्रामाणिकपणे सहा तास कुत्री फिरवू शकतो; त्यानंतर त्याचे खांदे बोलायला लागतात. म्हणजे नुसतं फिरवायला पाच माणसं हवीत. अशा ठिकाणी बहुतेकदा कामाला असतात दोन-तीन, आणि त्यांनाच शिटा काढायच्या, भात शिजवायचा, जखमा धुवायच्या, औषधं द्यायची असतात.

हेच गणित दिल्लीच्या त्या पाच हजारांना लावा. रोज अडीच हजार तास. चारशेच्या वर माणसं, साप्ताहिक सुट्टी न धरता. पाच हजार ही तर नुसती सुरुवात होती.

यावर कुणी म्हणेल, दोन-दोन कुत्री एकदम न्या. ज्यांचं जमतं त्यांना नेतोच. कुणी म्हणेल, कुंपण घालून मैदान द्या, गट करून सोडा. उत्तम उपाय आहे. पण एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला नॅशनल पार्क, तिसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये २०११च्याच जनगणनेत आठ लाखांवर गेलेली माणसं, अशा शहरात माणसांच्या पोरांना खेळायला मैदान नाही. ते कुत्र्यांना मिळेल असं ज्याला वाटतं त्याने कनाकियातल्या जमिनीचा भाव विचारून यावं.

रस्त्यावरच्या कुत्र्याचं एक बरं असतं. ते स्वतःला स्वतः फिरवतं. नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जिथून आणलं तिथे सोडा, ही २००१च्या नियमांपासून चालत आलेली आणि २०२३च्या नियमांनी कायम ठेवलेली पद्धत भूतदयेची म्हणून जितकी आहे, तितकीच स्वस्त म्हणूनही आहे. निर्बीजीकरण केंद्र हा दवाखाना असतो. ऑपरेशनच्या आधी-नंतरचे काही दिवस धरूनच तिथले पिंजरे बांधतात. त्याच पिंजऱ्यांना आता आपण घर म्हणायचं ठरवलंय. गावठी कुत्रं दहा-बारा वर्षं सहज जगतं. दोन वर्षांचं कुत्रं स्टेशनवरून उचलून कायमचं आत टाकलं, की पुढची दहा वर्षं रोज कुणीतरी त्याच्यासाठी अर्धा तास काढायचाय. त्याने कुणाला चावलेलं असो वा नसो.

न फिरवलं तर काय होतं? येऊन बघा. कुत्रं जागच्या जागी गोल फिरायला लागतं, तासन्‌तास. जाळी चावतं, दातांची टोकं झिजेपर्यंत. पाय चाटून चाटून कातडी सोलून काढतं. जाळीपलीकडून कुणी गेलं की अंगावर धावून येतं, शेजारच्याला चावतं. मग त्याच्या पिंजऱ्यावर 'आक्रमक' अशी पाटी लागते. पाटी लागली की स्वयंसेवक त्याला हात लावत नाहीत आणि दत्तक घ्यायला आलेले लोक पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात. आधी आपण कोंडून वेडं करायचं आणि मग वेडं आहे म्हणून कोंडून ठेवायचं, अशी ही यंत्रणा आहे.

हेच कुत्रं आठवड्यातून चारदा, शक्यतो त्याच माणसाबरोबर, बाहेर गेलं की महिन्याभरात पट्टा बघून शेपूट हलवतं. गाडीच्या हॉर्नला दचकणं कमी होतं. कुणाच्या तरी घरी जाण्यालायक होतं. फिरवणं हे शेल्टरमधलं लाडाचं काम नाही. कुत्रं शेल्टरबाहेर पडायचा रस्ता तिथूनच जातो.

आता हिवाळ्याबद्दल, कारण माझा मुख्य राग तिथे आहे.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे काय? जानेवारीत पहाटे पारा सतरा-अठरावर येतो आणि लोक कानटोप्या काढतात. याच सुमाराला मिरा-भाईंदरच्या काळजाला पाझर फुटतो. स्वेटर वाटप सुरू होतं. माणसांना नाही, कुत्र्यांना. धडधाकट गावठी कुत्र्याला या थंडीत स्वेटर लागत नाही, त्याच्या अंगावर केस आहेत. स्वेटर दवाने भिजतो, चिखलाने माखतो, काखेत घासून जखमा करतो, तारेच्या कुंपणात अडकतो, त्याखाली गोचिडांची वसाहत होते. ऊब हवी असते ती म्हाताऱ्या कुत्र्यांना, खरजेने केस गेलेल्यांना आणि पावसाळ्यानंतर जन्मलेल्या पिल्लांना. त्यांना काय लागतं? रात्रभर गार पडणाऱ्या सिमेंटपासून चार बोटं उंच फळी आणि तिच्यावर कोरडं गोणपाट. पण गोणपाटावर झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो चांगला येत नाही. लाल स्वेटरमधल्या पिल्लाचा येतो.

नाताळच्या आठवड्यात शेल्टरवर रांग लागते. शनिवारी एखाद्या कंपनीचे चाळीस जण एकसारखे टी-शर्ट घालून एकाच बसमधून उतरतात. माझीही कंपनी यात आली. तिने तर या सहलीचे 'स्वयंसेवेचे तास' कागदावर धरले आणि मध्ये दीड तास जेवणाचा होता. चाळीस अनोळखी माणसं एकदम आत शिरली की साठ कुत्री एकदम भुंकायला लागतात. तासभर कुणालाच बाहेर काढता येत नाही. काढलं तर वीस मिनिटांत पाच जणांच्या हातातून फिरतं, प्रत्येकाचा एक सेल्फी होईपर्यंत. संध्याकाळी बस जाते. कुत्री रात्रभर अस्वस्थ असतात. शेल्टरवर भात रांधणाऱ्या मावशी एकदा मला म्हणाल्या, "रव्वारी कशाला येता दादा? रव्वारी माणसं जास्त नि कुत्री कमी पडतात. मंगळवारी या." मंगळवारी खरोखरच कुणी नसतं. फेब्रुवारी संपता संपता रविवारीही कुणी नसतं. जूनमध्ये तर विचारूच नका.

खरं तर कुत्री फिरवणाऱ्यासाठी हिवाळा ही इथली सवलत आहे. मे महिन्यात सकाळी नऊनंतर डांबरावर कुत्रं नेता येत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद सहन झाली नाही, तर पंजे भाजतात, एवढी साधी परीक्षा आहे. जूनपासून वाटाच पाण्याखाली जातात, पट्टे वाळत नाहीत, लेप्टोची भीती असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीनच महिने असे, की सकाळी सातला निघा नाहीतर अकराला, कुत्र्याला त्रास नाही. हे दिवस वापरून नवीन माणसं शिकवून तयार केली पाहिजेत, म्हणजे मे आणि जुलै निभावता येतील. आपण करतो काय? सोप्या दिवसांत गर्दी आणि अवघड दिवसांत पाठ.

शिकायचं काय असतं त्यात, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला गळ्यातला पट्टा म्हणजे फास वाटतो. घाबरलं की ते मागे सरकतं आणि डोकं पट्ट्यातून काढून पळतं, म्हणून छातीला बसणारा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला दोर लागतो. लांब-आखूड होणारा बटणाचा दोर अशा कुत्र्याला कधीच वापरायचा नाही. बिचकणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. पहिली दहा मिनिटं ते हात उखडेल इतकं ओढतं, मग नाक जमिनीला लावतं आणि श्वास संथ होतो. तिथून पुढे खरं फिरणं. किती किलोमीटर झाले याला अर्थ नसतो, किती हुंगलं याला असतो. या दिवसांत उत्तनच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. माझ्याबरोबरची एक म्हातारी कुत्री तिथे अलीकडेच थांबते, नाक वर करून, पाचेक मिनिटं. तिला ओढायचं नसतं. चोवीस तासांतली तेवढीच मिनिटं तिची असतात.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे: माणसांचं काय? रात्री साडेबाराच्या लोकलने उतरून बाइकवरून घरी जाताना पाच कुत्री मागे लागतात तेव्हा तुझी भूतदया कुठे जाते? तर मीही त्याच लोकलने येतो आणि माझ्याही मागे लागतात. कुत्र्याची भीती खरी आहे. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ असतात. ज्या बाईच्या पोराला कुत्र्याने फाडलंय तिला भूतदयेचं प्रवचन देणाऱ्यांची मला चीड येते. चावरं कुत्रं उचललंच पाहिजे. पण तीच संघटना हेही सांगते, की रेबीज थांबवायला कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस टोचलेली असावी लागते. तो पैसा आणि ते डॉक्टर भिंती बांधण्यात गेले तर मुलं वाचणार नाहीत. कुत्री नजरेआड होतील, तीही थोडीच.

आणि तरीही शेल्टरच हवं असेल, तर बांधा. पण मग पूर्ण किंमत मोजा. मुंबईने ही किंमत एकदा मोजून पाहिली आहे. १८३२ साली इंग्रजांनी रस्त्यावरची कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ला, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मुंबई पांजरापोळ काढली. तिचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवून घेतली. त्या संस्थेत जनावरांचं सगळं भलंच झालं असा माझा दावा नाही. पण जनावर आत घेतलं की रोजचा खर्च सुरू होतो आणि तो कुणाच्या तरी खिशातून नियमित गेला पाहिजे, एवढं त्या शेटजींना कळत होतं. अंगठा दाखवून काम भागत नाही.

२२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने त्याच्यापुढे आलेल्या श्वानप्रेमींना प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांना दोन लाख रुपये भरायला सांगितले, सुविधा उभारण्यासाठी. त्यात तत्त्व चांगलं आहे: प्रेम असेल तर पैसे काढा. तेच तत्त्व दुसऱ्या बाजूलाही लावा. कुत्री उचला म्हणणाऱ्या प्रत्येक सोसायटीने मेंटेनन्सच्या बिलात एक ओळ वाढवावी: आमच्या गेटवरून उचललेल्या कुत्र्यांच्या फिरवण्याचा खर्च. लिफ्टचा खर्च आपण तळमजल्यावाल्याकडूनही घेतो, मग हा का नाही?

माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, कोणतंही शेल्टर मंजूर करताना पिंजऱ्यांच्या संख्येबरोबर फिरवणाऱ्या पगारी माणसांची संख्या कागदावर हवी. मिरा रोडच्या टॉवरमधले लॅब्रॅडोर फिरवणाऱ्या पोरांना महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात. ते काम आहे हे आपण तिथे मान्य केलंय. शेल्टरच्या गेटवर आल्यावर तेच काम अचानक पुण्य कसं होतं? दोन, स्वयंसेवकांनी दिवसाचा हौशी पास न घेता किमान सहा महिन्यांचा ठरलेला वार घ्यावा, ज्यात एक पावसाळा येईल. चाळीस जणांच्या बशी बंद. तीन, १९६०च्या त्या कलमातला दंड आजच्या रुपयांत आणा आणि पहिली नोटीस एखाद्या सरकारी कोंडवाड्याला जाऊ द्या.

यातलं काहीच झेपणार नसेल, तर मग कुत्र्यांची नसबंदी करा, लस टोचा, परत सोडा आणि त्यांच्याबरोबर राहायला शिका. तेही चालेल. फक्त 'शेल्टरमध्ये टाका' या वाक्याआड लपू नका. टाकलेली वस्तू पडून राहते. कुत्रं पडून राहत नाही, ते गोल गोल फिरत राहतं.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत कुत्र्यांचा ठराव येईल आणि तुम्ही हात वर कराल, त्याआधी सेक्रेटरींना एवढंच विचारा: जुलैतला मंगळवार, सकाळी सात, बाहेर पाऊस. पट्टा कोण धरणार? ज्या हाताने मत दिलं, तोच हात मी त्या यादीत लिहून घेईन.